पत्रकाची मागची बाजू

वाचकांनी मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, तीन बोटे ठेवून आपली नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी, अशी विनंती मी आरंभीच करते. घड्याळ समोर असावे आणि मध्येच बोलू नये. मोजून झाल्यावर जो अंक येईल तो महत्त्वाचा आहेच. परंतु दोन ठोक्यांमधले अंतर प्रत्येक वेळी सारखे होते का, हे त्याहून महत्त्वाचे आहे. आधी धुळ्यात आणि नंतर जळगावात मिळून माझी एकोणतीस वर्षे हे अंतर मोजण्यात गेली.

मी डी.एड. झालेली. वडील प्राथमिक शिक्षक होते आणि मीही शिक्षिकाच होणार, असे घरात सर्वांनी गृहीत धरले होते. दोन वर्षे तात्पुरत्या जागेवर चौथीचा वर्ग शिकवला. कायमची जागा काही मिळाली नाही. तेव्हा हृदयालेख, म्हणजे ईसीजी, काढण्याचे शिक्षण घेतले आणि धुळ्याच्या एका दवाखान्यात नोकरीला लागले. वर्ग सुटला तरी शाळेची सवय सुटली नाही. आलेखाच्या कागदावर चौकोन आखलेले असतात. एक लहान चौकोन म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. पहिल्या दिवशी तो कागद हातात आला तेव्हा चौथीची गणिताची वहीच परत मिळाली, असे मला वाटले. माझ्या टेबलाच्या खणात कंपासपेटी असे. तिच्यातील दोन टोकांचे कर्कटक ठोक्यांतील अंतर मोजायला फार सोयीचे. रुग्ण मला सिस्टर किंवा मॅडम न म्हणता 'बाई' म्हणत, कारण मी त्यांना हात सरळ ठेवायला आणि गप्प बसायला सांगत असे.

आता विकाराविषयी. शाळेत शिपाई एक आणि घंटाही एक. त्याने टोल दिला की आधी वरच्या मजल्यावरचे वर्ग सुटतात, क्षणभराने खालच्या मजल्यावरचे, आणि शाळा सुरळीत चालते. हृदयाच्या वरच्या कप्प्यात असा एक शिपाई जन्मापासून कामावर असतो. हृदयाची लय बिघडण्याच्या ज्या विकाराबद्दल मी लिहीत आहे, त्यात वरच्या मजल्यावरचा प्रत्येक विद्यार्थी आपापली ताटली घेऊन बडवू लागतो. खालच्या मजल्याला खरा टोल कोणता हे कळत नाही; तो कधी लागोपाठ तीनदा सुटतो, कधी ताटकळत बसतो. माणसाला धडधडते, दम लागतो, पायांतले बळ जाते. वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी झाली आणि ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायूचा धोका असतो. म्हणून बहुतेकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी देतात. घंटा पुन्हा एकाच हाती यावी म्हणून औषधे असतात, भूल देऊन छातीवर दिलेला विजेचा झटका असतो. तेवढ्याने भागले नाही तर जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि गोंगाट करणाऱ्या जागांना डाग देऊन त्यांना गप्प करतात.

हे सर्व डॉक्टरांचे काम. माझे काम त्यानंतरचे. उपचार झालेला रुग्ण तपासणीला आला की आलेख काढायचा आणि एक छापील पत्रक भरून घ्यायचे. पत्रकाचे नाव होते 'उपचारोत्तर जीवनमान'. वीस प्रश्न, आणि प्रत्येकापुढे 'मुळीच त्रास नाही' पासून 'अतिशय त्रास' पर्यंत सात चौकटी. पत्रक परदेशी होते आणि कोणीतरी त्याचे मराठी केले होते. त्यात एक प्रश्न असा होता : 'आपण आपल्या छंदांचा आनंद घेऊ शकता का?'

जामनेरचे नाना हा प्रश्न ऐकून थबकले होते. नाना बाजार समितीत मापाडी होते, म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर तोलून वजन पुकारणारे. काम सोडून काही वर्षे झाली होती, तरी ते रोज बाजाराच्या आवारात जात आणि गाडीवरचा मका नुसत्या नजरेने तोलून वजन सांगत. त्यांच्या अंदाजावर चहाच्या पैजा लागत. त्यांच्या हृदयाची लय विजेच्या झटक्याने आणि गोळ्यांनी ठीक झाली होती.

"छंद म्हंजे काय हो, बाई?" त्यांनी विचारले. "तंबाखू व्हती. ती तर तुम्हीच सोडवली."

"तसं नाही, नाना. आवडीचं काम."

"मंग लिहा, तरास नाई."

"जिना चढताना?"

"तरास नाई."

"बाजारात, गर्दीत चालताना?"

"अजिबात तरास नाई."

विसाच्या वीस प्रश्नांना 'मुळीच त्रास नाही'. आलेखही असा काढलेला की सुलेखनाच्या स्पर्धेत ठेवावा. पत्रकाच्या खाली मी वळणदार अक्षरात 'उत्तम' असा शेरा लिहिला. नंतर दोन तपासण्यांनाही तसाच. अशी पत्रके वरून कोणी मागवली की मी नानांचे पत्रक नमुना म्हणून सर्वांत वर ठेवत असे.

दीड वर्षानंतर नानांच्या पत्नी त्यांच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या तपासणीला आल्या. कपाळाकडे पाहून मी समजले. नाना काविळीने गेले होते. हृदयाचा त्यात काही संबंध नव्हता. मी सांत्वन म्हणून म्हणाले, "निदान शेवटपर्यंत बाजारात हिंडतेफिरते राहिले, हे चांगलं झालं."

"कुठले फिरते, बाई?" त्या म्हणाल्या. "दवाखाना सोडला तर दीड वर्स ओट्याच्या खाली पाय नाई टाकला त्यांनी. बाजारात धडधडलं तर चार लोकांत पडीन, म्हणत. चहावाला बोलवाले आला, तर त्याले घरात नाई म्हणून सांगा म्हणत."

"पण त्यांनी मला कधी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं व्हतं का?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी विचारले नव्हते, एवढेच त्यांनी सांगितले. मी नानांचे जुने पत्रक काढून पुन्हा वाचले. जिना चढताना त्रास नाही. ते जिना चढतच नव्हते. गर्दीत चालताना त्रास नाही. गर्दीत जातच नव्हते. सगळी उत्तरे खरी होती आणि सगळे पत्रक खोटे होते. चौथीच्या वर्गात असे होई. ज्या मुलाने गणित सोडवलेलेच नाही, त्याच्या वहीत एकही चूक सापडत नसे. पण त्याला मी पैकीच्या पैकी गुण कधी दिले नव्हते. येथे मात्र दिले, आणि तीन वेळा दिले.

दुसऱ्या दिवसापासून मी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने एक प्रश्न लिहू लागले : 'आजारापूर्वी करीत होता आणि आता करीत नाही, असे एक काम सांगा.'

आमचे डॉक्टर वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि स्वभावाने सरळ. ते म्हणाले, "बाई, छापील पत्रकात आपल्याला प्रश्न वाढवता येत नाही."

"पत्रकात नाही वाढवला, सर. पत्रकाच्या मागे आहे."

त्यांनी कागद उलटा करून पाहिला, हसले आणि परत दिला. त्या हसण्याला मी संमती मानले.

या एका प्रश्नाने काय काय बाहेर आले! कोणी सायकल सोडली होती, कोणी भजनातला टाळ. एक शिंपी मशीनला पायच लावत नव्हता, कारण मशीनची धडधड आणि छातीची धडधड त्याला वेगळी काढता येत नव्हती. यांपैकी बहुतेकांना कोणीही मनाई केलेली नव्हती. लय जाग्यावर आली होती. माणूस आला नव्हता.

शेवंताअक्का आल्या त्या माझ्या नोकरीच्या शेवटच्या उन्हाळ्याआधी. अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या, वय साठीच्या पुढे, उंच आणि रुंद हाडाच्या. नळीचा उपचार होऊन सव्वा वर्ष झाले होते. बरोबर त्यांचा मुलगा दिलीपभाऊ. त्याचे गावात बी-बियाणे आणि खतांचे दुकान होते. त्याच्या हातात एक वही होती आणि तिच्यात आईची रोजची नाडी, दिवसातून चार वेळा, वेळेसह. अशी टापटीप पाहून मला अर्थातच आनंद झाला. पुढच्या पानावर मात्र 'मायने करू नये' अशी यादी होती आणि ती एकतीस कलमांची होती.

"अक्का, जिना चढताना त्रास होतो का?" मी विचारले.

"नाही होत," दिलीपभाऊ म्हणाला.

"मी अक्कांना विचारते आहे."

"बठ्ठं बरं शे, बाई," अक्का म्हणाल्या.

'बरं शे' हे उत्तर मी आयुष्यभर ऐकले आहे. आमच्या भागातली मोठी माणसे परक्यापुढे दुखणे उघडे करीत नाहीत. ताप अंगात असला तरी 'बरं शे'. मी वीस प्रश्न पूर्ण केले, कागद उलटा केला आणि मागचा प्रश्न वाचला. अक्कांनी स्वतःच्या हातांकडे पाहिले, आधी तळव्यांकडे, मग उलटे करून कोपरापर्यंत.

"खापर," त्या म्हणाल्या.

"माय!" दिलीपभाऊ म्हणाला.

"इचारं त्यासनी, म्हणून सांगं. खापर चढावनं सोडी दिधं मी."

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे पुरणपोळी लाटत नाहीत. मऊसूत भिजवलेल्या कणकेच्या गोळ्यात पुरण भरून तो दोन्ही हातांवर घेतात आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलत झेलत वाढवत नेतात, मनगटापासून कोपरापर्यंत, रुमालाएवढा पातळ होईपर्यंत. मग चुलीवर पालथ्या ठेवलेल्या मातीच्या तापलेल्या खापरावर तो अलगद अंथरतात. याला मांडा म्हणतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात आणि आमरसाबरोबर मांडे होतात. हात उचललेले, समोर चूल, वर वैशाखाचे ऊन. सगळ्यांना हे जमत नाही. गावात दोन-चार बायकांच्याच हाताला ती कला असते आणि लग्नकार्यात त्यांना बोलावणे येते. शेवंताअक्का त्यांपैकी एक होत्या. दिलीपभाऊच्या यादीत खापर पहिल्या क्रमांकावर होते, दोन रेघा मारून.

"बाई, तिथं चुलीपुढं काय होतं तुम्हाला माहीत आहे," तो म्हणाला. "आजार सुरू झाला तो खापरापाशीच. मागच्या वेळी मांडा हातात होता आणि माय खाली बसली. मी उचलून आणलं आहे तिला. मी!"

मला त्याच्या यादीचा राग येईना.

"मी काय काचनी बाटली शे?" अक्का म्हणाल्या. "आराम करी करी आंग आखडी गयं मन्हं. आखाजीले तिन्ही पोरी येतीन. त्यासले काय तवावरनी पोळी वाढू?"

"तव्यावरची पोळी खाल्ली तर त्या माहेर सोडून जाणार आहेत का?"

"तू नको बोलू. तू दोन मांडा खास आनि त्याबी दूधमा चुरीसन."

डॉक्टरांनी दोघांचे ऐकून घेतले. आलेख उत्तम, हृदयाची ताकद उत्तम. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याने भाजू-कापू न देण्याची काळजी घ्यावी, एरवी श्रम करायला हरकत नाही, असे त्यांनी सांगितले. पण दिलीपभाऊला पुरावा हवा होता. शेवटी डॉक्टरांनी तोड काढली : आखाजीच्या आदल्या दुपारी अक्कांच्या छातीवर चोवीस तासांचे यंत्र लावायचे आणि ते अंगावर असतानाच मांडे करायचे. लय स्थिर राहिली तर यादीतले पहिले कलम खोडायचे.

"आणि नाही राहिली तर?" दिलीपभाऊने विचारले.

"तर खापर माळ्यावर," डॉक्टर म्हणाले.

"कायमचं?"

डॉक्टरांनी अक्कांकडे पाहिले. अक्कांनी मान हलवली. "कायमनं," त्या म्हणाल्या.

यंत्र म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी डबी. छातीवर चिकटवलेल्या टिकल्यांपासून तिच्यापर्यंत तारा जातात आणि दिवसभराचे सुमारे लाखभर ठोके ती साठवते. रुग्णाने कोणत्या वेळी काय केले याची नोंदही लागते. लिहिता न येणाऱ्यांसाठी मी धुळ्यात असताना चित्रांचा तक्ता तयार केला होता. चालणे, जेवण, झोप, गाडीचा प्रवास, जिना अशी चित्रे, पुढे घड्याळाचे रकाने. रुग्णाने रकान्यात खूण करायची. पिंपळनेरच्या पश्चिमेच्या एका पाड्यावरचा मोहफुले वेचणारा गडी तो तक्ता परत देताना म्हणाला होता, "बाई, भांडणाचं चित्र नाही यात. बायकोशी भांडलो तेव्हाच लई धडधडलं." त्याचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. मी तक्त्यात समोरासमोर उघड्या तोंडाचे दोन चेहरे वाढवले. अक्कांसाठी आता एक खापरही काढले.

आखाजीच्या आदल्या दुपारी मी टिकल्या लावल्या. घामाने त्या सुटतात, म्हणून कातडी नीट पुसून, कोरडी करून प्रत्येक तारेला एक वेढा दिला आणि वरून पट्टी चिकटवली.

"हाई बैलना गळामानी घाटी शे का?" अक्कांनी डबी हलवून पाहिली.

"वाजत नाही ती. आणि हलवू नका."

"आनि उद्या वाकडं व्हयनं तर?"

मी पट्टी दाबत होते. खरे उत्तर द्यावे असे मला वाटले. "तर डबी तसं सांगेल, अक्का. तिला मी शिकवू शकत नाही."

"सांगू द्या," त्या म्हणाल्या. "पन शेवटला घास पोरीसना तोंडमा जावो."

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दिलीपभाऊ डबी आणि तक्ता घेऊन एकटाच आला. डॉक्टर नाशिकला गेले होते. ते दुसऱ्या दिवशी यायचे होते. मी डबीतली नोंद संगणकात घेतली. संगणक अशा नोंदीचे स्वतः वाचन करतो आणि जेथे खोट आढळेल तेथे लाल पट्टा उमटवतो. हिरवे, हिरवे, हिरवे. आणि सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांपासून बारा वाजून दहा मिनिटांपर्यंत सलग लाल. बाजूला लिहिले होते : 'अनियमित लय.' तक्त्यात त्याच वेळेसमोर खापराच्या रकान्यात अक्कांची खूण.

दिलीपभाऊ माझ्या मागे उभा होता. "मी सांगत होतो, बाई," तो म्हणाला. तो जिंकला होता, पण खाली बसला तो हरलेल्या माणसासारखा. "छान झाले होते हो मांडे. एकवीस केले. मी पण तीन खाल्ले. आता तिला कसं सांगू?"

"आज काहीच सांगू नका," मी म्हणाले. "पेपर मी अजून तपासलेला नाही."

तो गेल्यावर मी ती दीड तासाची नोंद कागदावर छापून घेतली, टेबलावर पसरली आणि कर्कटक काढले.

संगणक हुशार आहे, पण त्याने मांडा कधी पाहिलेला नाही. छातीवरच्या टिकल्या हृदयाची वीज टिपतात, तशीच खांद्याच्या आणि छातीच्या स्नायूंचीही टिपतात. हात जोराने हलले की आलेखावर गवत उगवल्यासारख्या रेघा येतात आणि त्या गवतात संगणकाला वाटेल ते दिसते. मला शंका आली ती एका गोष्टीमुळे. ती लाल पट्टी सलग नव्हती. जवळून पाहता तिच्यात गुच्छ होते : मिनिटभर गवत, मग दोन-तीन मिनिटे स्वच्छ रेघ, पुन्हा मिनिटभर गवत. बिघडलेली लय अशी ठरावीक वेळाने येत-जात बसत नाही. मांडा मात्र तसाच होतो. मिनिटभर हातावर, मग खापरावर, मग पुढचा गोळा.

पण असे वाटणे म्हणजे पुरावा नव्हे. गवतातून वर आलेली ठोक्यांची उंच शिखरे मी एकेक करून शोधली आणि कर्कटकाची दोन टोके त्यांवर ठेवत गेले. अंतर सारखे, श्रमामुळे हळूहळू कमी होत जाणारे, पण एकाकडून दुसऱ्याकडे उडी न मारणारे. तिसऱ्या जोडीच्या टिकल्या बरगड्यांच्या खालच्या बाजूला, हातांपासून दूर होत्या. त्या रेघेत प्रत्येक शिखराआधी एक बारीक टेकडी दिसत होती. ती टेकडी म्हणजे शिपायाचा टोल. टोल एकच, आणि प्रत्येक वेळी. जेवणाची सुट्टी संपली तरी मी उठले नाही. सगळे गुच्छ तपासून झाल्यावर ते मोजले. बावीस निघाले.

दिलीपभाऊ म्हणाला होता, मांडे एकवीस केले. पुन्हा मोजले, बावीसच. एकाचा फरक म्हणजे किरकोळ, असे कोणी म्हणेल. मी म्हणू शकले नाही. एक गुच्छ मांड्याविना असेल, तर तो कशाचा होता? सर्वांत पहिलाच गुच्छ थोडा लांबला होता आणि त्यातले गवत सर्वांत दाट होते. खरोखरच लय बिघडली असेल तर ती तेथेच. मी त्यांच्या घरी फोन लावला. सून सुनंदाने उचलला आणि अक्कांना दिला.

"अक्का, मांडे किती केले?"

"येकईस."

"नक्की?"

"तीन पोरी, तीन जवाई, बठ्ठासले मीच वाढं. येकईस."

"माझ्या कागदावर बावीस आहेत, अक्का."

फोनवर दार लोटल्याचा आवाज आला. मग त्या एकदम हळू बोलल्या, जवळ कोणी असल्यासारख्या.

"पहिला फाटी गया व्हता, बाई. दीड वरीसमा हातनी सवय मोडी गयी. सांभाळाले गयू, सांभाळाना नही. कोनले दखू दिधा नही, गायले टाकी दिधा. तो काय मोजाना?" आणि मग, "तुमले तठून कसा दिसना?"

मी खुर्चीत मागे टेकले. एकोणतीस वर्षांत इतके बिनचूक उत्तर मला कोणी दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागद पाहिले. मी कर्कटक त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चार-पाच ठिकाणी मोजले, टेकड्या पाहिल्या, आणि संगणकाच्या निदानावर रेघ मारून खाली स्वतःच्या हाताने लिहिले : 'लय नियमित. हातांच्या हालचालीचा परिणाम.' फाटलेल्या मांड्याची हकिकत सांगितली तेव्हा ते एवढे हसले की बाहेरचे रुग्ण डोकावले. मला मात्र त्या रेघेचा अभिमान वाटला, आणि आजही वाटतो. ती डॉक्टरांच्या हातची असली तरी तिची पट्टी मी धरली होती.

दिलीपभाऊला त्यांनी समोर बसवून सगळे दाखवले. तो कागदावर वाकून एकेक टेकडी बघत राहिला. "म्हणजे खापरापाशी एकही ठोका चुकला नाही?"

"एकही नाही. दुपारी दोनच्या सुमारास मात्र थोडे जास्तीचे ठोके आहेत. निरुपद्रवी आहेत, माझेही होतात. त्या वेळी काय चाललं होतं?"

मी चित्रांचा तक्ता पुढे केला. दोन वाजताच्या रकान्यात, उघड्या तोंडाच्या दोन चेहऱ्यांपुढे, अक्कांनी भली मोठी खूण केली होती.

दिलीपभाऊने त्या चेहऱ्यांवर बोट ठेवले. "मी फक्त म्हटलं होतं, आता जाऊन झोप," तो म्हणाला. मग त्याने वही उघडली, पहिल्या कलमावर आडवी रेघ मारली आणि मला विचारले, "बाई, बाकीच्या तिसांचं काय करू?"

"एकेक करून तपासू," मी म्हणाले. "घाई नको."

निवृत्तीच्या महिन्यात माझ्या टेबलावरचे जुने कागद मी लावून ठेवले. जामनेरच्या नानांच्या तिन्ही पत्रकांवरचा 'उत्तम' हा शेरा मी खोडून खाली तारीख व सही घातली. मागची बाजू कोरीच आहे. तेथे काय लिहिले असते ते मला ठाऊक आहे. पण ते त्यांनी सांगितलेले नाही, म्हणून लिहिले नाही.

त्याच आठवड्यात शेवंताअक्का शेवटच्या वेळी तपासणीला आल्या. या वेळी सून सुनंदा बरोबर होती आणि दिलीपभाऊ बाहेर बाकावर बसला होता. अक्कांच्या डाव्या हातावर कोपराजवळ चुलीच्या आचेचा काळसर डाग होता. मी आलेख काढला. वीस प्रश्न विचारले. जिना चढताना त्रास होतो का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "व्हस. मन्हं वय काय वीस शे?" सात चौकटींपैकी मी दुसरीत खूण केली, आणि विसांपैकी ते एक उत्तर मला बाकी सगळ्यांहून मोलाचे वाटले.

मग कागद उलटला. "अक्का, पूर्वी करत होता आणि आता करत नाही, असं एक काम सांगा."

अक्कांनी विचार केला. सुनंदाकडे पाहिले. सुनंदाने पदर तोंडाला लावला.

"लिखा, बाई," अक्का म्हणाल्या. "आराम."

पेन्सिल हातात होती. ती मी खाली ठेवली आणि खणातून शाईचे पेन काढले.